परीक्षेच्या आदल्या रात्रीची ती गोळी : तुमचे अनुभव लिहा

वाळपईकर

काल म्हापशात आईच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला एका फार्मसीत उभा होतो. शुक्रवार म्हणजे बाजाराचा दिवस, मागे एक बाई मिरच्यांची पिशवी माझ्या पोटरीला घासत उभी, आणि पुढे एक मुलगा. वीस-एकवीसचा असेल. खांद्याला ड्रॉइंग शीटची काळी नळी आणि डोळे असे की त्या बाईच्या मिरच्या यानेच डोळ्यात घातल्यात. काउंटरवर वाकून त्याने काहीतरी नाव घेतलं, मला फक्त शेवटचं 'फिनिल' ऐकू आलं आणि पोटात गोळाच आला. फार्मसीवाल्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "चिट आसा?" पोराने मोबाईल काढला, परत खिशात घातला, आणि लाज राखायला खोकल्याच्या दोन गोळ्या घेऊन गेला.

तर २००९. आम्ही तिघे फोंड्यात खोली घेऊन राहायचो. इंजिनियरिंग, तिसरं सेमिस्टर, एम-थ्रीचा म्हणजे गणिताचा पेपर, आणि अभ्यास म्हणाल तर गोपाळ गणपतीला घातलेलं साकडं एवढाच. एका सीनियरने वर्तमानपत्राच्या पुडीतून मोडाफिनिल आणून दिली. म्हणाला पायलट लोक घेतात. (पायलट! मी कदंबाच्या बसमध्ये खिडकीशी बसलो तरी ओकायचो.) रात्री जेवल्यावर गोळी घेतली. तासभर काही नाही. मग लक्षात आलं की मघापासून एकही जांभई आलेली नाही आणि समोरची भिंत जरा जास्तच स्वच्छ दिसतेय.

आता ऐका काय केलं ते. लाप्लासच्या सूत्रांचा एक तक्ता करायला घेतला. चार रंगांची पेनं. अर्धा झाल्यावर समास वाकडा वाटला म्हणून फाडला, दुसरा घेतला. त्यात निळं पेन संपत आलं म्हणून पुढे हिरवं वापरलं, ते आधीच्या हिरव्याशी घोळ करायला लागलं, म्हणून तिसरा. एकही गणित सोडवलं नाही हो! पण त्या रात्री कुणी विचारलं असतं तर देवळात हात ठेवून सांगितलं असतं की असा अभ्यास मी जन्मात केला नाही. पहाटे पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा पों-पों ऐकला तेव्हा वाटलं, अरे, आत्ता तर बसलो होतो.

पेपरात पहिला प्रश्न सहा मार्कांचा. तो मी सिद्धतेसकट पायरीपायरीने, पट्टीने रेघा मारत लिहिला. पुरवण्या घेतल्या. दोरा बांधायला मान वर केली तर एक तास पन्नास मिनिटं गेलेली.

संध्याकाळी वाळपईला घरी पोचलो तोवर जबडा दुखत होता, दिवसभर दात आवळून धरले होते ते कळलंच नव्हतं. छातीत शिगम्यातल्या ढोल-ताशांचा रोमटामेळ. आई म्हणाली, "पुता, दोळे तांबडे कित्याक जाल्यात?" म्हटलं अभ्यास. तिने पेज आणि मिठातली तोरां वाढली, आणि त्या पेजेच्या वाफेत मला रडूच कोसळलं. कारण काहीच नव्हतं. झोप लागली ती दुसऱ्या रात्री.

तुमच्यापैकी कुणी असं केलंय? गोळी, एनर्जी ड्रिंकचा कॅन, कॉफी, काहीही. नाव बदलून लिहा हवं तर. त्या पोराला हाक मारायला हवी होती असं कालपासून वाटतंय.

आबोली_डिचोली

रात्रभर जागायचा जागोर शिवोलीला वर्षातून एकदाच होतो रे बाबा, तू एकट्याने फोंड्यात घातलास. पण निकाल काय लागला ते लिहिलंच नाहीस?? आणि तो सीनियर आता काय करतो?

भात उतू जातोय, येते.

दहीकाला

आमच्याकडे पेडण्यात ही अडचणच नव्हती. बारावीच्या वर्षी ऐन परीक्षेच्या तोंडावर गावात दशावतार, मी पुस्तक घेऊन दहाला पेंगायचो आणि नाटकाला पहाटेपर्यंत टक्क जागा. आई म्हणायची, याच्या पुस्तकात एक संकासुर घाला कुणीतरी. आता तेच नाटकवाले बघा, रात्रभर उभं राहून तलवारी फिरवतात, सकाळी हंडी फोडून टेम्पोत झोपतात आणि संध्याकाळी दुसऱ्या गावात हजर, त्यांना कुठली आलीय गोळी. चहा आणि विडी.

बाकी यंदा आमच्या देवळात कुठली मंडळी येणार ते अजून ठरेना, कमिटीत भांडणं.

काउंटरपलीकडून

मी दुसऱ्या बाजूचा. अठरा वर्षं फार्मसी चालवतोय, म्हापशात नाही, त्यामुळे तुमचा तो मुलगा माझ्याकडे आलेला नाही, पण त्याची भावंडं येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मे, सेमिस्टरच्या वेळा, मला टाइमटेबल बघावं लागत नाही. काउंटरवर गर्दी असली की बाहेर उभे राहतात, गर्दी सरली की आत येतात. पूर्वी कंडोम घ्यायला यायचे तसे.

दोन गोष्टी सांगतो कारण बरेच जण सगळ्या गोळ्या एकाच टोपलीत टाकतात. मोडाफिनिल ही मुळात नार्कोलेप्सीची गोळी, म्हणजे ज्यांना दिवसाढवळ्या बोलता बोलता झोप लागते त्यांची. घोरण्याच्या आजारात दिवसा पेंग येते त्यांना आणि रात्रपाळीवाल्यांनाही डॉक्टर देतात. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. अंगातून अर्धी उतरायलाच बारा ते पंधरा तास लागतात, म्हणून वाळपईकरांनी रात्री घेतली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दात आवळत घरी गेले, त्यात नवल नाही. क्वचित अंगावर भयानक पुरळ उठतं, तेव्हा थेट हॉस्पिटल. आणि ही गोष्ट मुली विचारत नाहीत, आम्हीही सांगायला लाजतो : गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर तिचा असर ही कमी करते.

मेथिलफेनिडेट, म्हणजे रिटालिन वगैरे, हे त्याच्या वरचं. ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत. चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक मी ठेवून घेतो आणि दोन वर्षं सांभाळतो, माल कुलपात. त्यामुळे 'एकच द्या ना अंकल' म्हणणाऱ्याला मी हाकलतो तेव्हा मी खडूस नसतो, माझं लायसन्स खडूस असतं.

आणि फक्त पोरंच येतात असं नाही. एकदा एक आई आली, चांगली शिकलेली, "भुरग्याची बुद्धी वाडपाची कसलीय गोळी आसा म्हणटात, ती दी." मी म्हटलं बाये, ती मिळत असती तर आधी मी घेतली असती. शेवटी शंखपुष्पीची बाटली घेऊन गेली.

निवृत्त_मास्तर

धागा आवडला. आमच्या लहानपणी विद्यार्थ्याची पाच लक्षणं पाठ करून घेत, काकचेष्टा, बकध्यान, श्वाननिद्रा वगैरे. श्वाननिद्रा म्हणजे कुत्र्यासारखी सावध झोप. आमच्या घरचा कुत्रा दिवसातले पंधरा तास झोपत असे, ते श्लोक रचणाऱ्याने पाहिलेलं दिसत नाही.

आजोबांनी मला शेंडी खुंटीला बांधून अभ्यास करणाऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या, मला शेंडी नव्हती, म्हणून मी दुसरा उपाय केला. मॅट्रिकच्या वेळी रात्री पाय गार पाण्याच्या बादलीत बुडवून बसत असे. एके रात्री बसल्या बसल्या झोपलो, बादली लवंडली, आणि शेणाच्या जमिनीवरून ते पाणी थेट धाकट्या बहिणीच्या अंथरुणात. तिचा असा ठाम समज झाला की तिच्याकडूनच झालं. मी तिला खरं सांगितलं ते तिच्या लग्नात.

गणिताचा विषय निघालाच आहे तर पॉल एर्डश यांचं आठवतं. हंगेरीचा फार मोठा गणिती, आयुष्याची शेवटची पंचवीसेक वर्षं अ‍ॅम्फेटामिनवर, म्हणजे उत्तेजक गोळ्यांवर काम करायचा. १९७९ मध्ये त्याचा मित्र रॉन ग्रॅहम याने ५०० डॉलरची पैज लावली की महिनाभर सोडून दाखव. त्याने सोडलं, पैज जिंकली, आणि मित्रालाच सुनावलं की तुझ्यामुळे गणित एक महिना मागे पडलं. महिना संपताच पुन्हा सुरू. मुलं ही गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगतात. मी त्यांना एवढंच विचारत असे की गोळी घेण्यापूर्वीचा एर्डश कसा होता. विशीतच प्रसिद्ध झालेला होता तो! गोळ्या आल्या साठीच्या आसपास.

आबोली_डिचोली

मास्तर, बहिणीचं वाचून कुकरची शिट्टी मोजायची राहिली

कदंबा_पास

मी लिहू की नको करत होते. मी ती शेड्यूल एक्सवाली गोळी घेते. रीतसर. एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, सत्ताविसाव्या वर्षी कळलं, त्याआधी सगळे धांदरट म्हणायचे, मीही.

तुम्हाला सांगून पटणार नाही पण मला ती घेतली की तरतरी वगैरे येत नाही, डोक्यातला बाजार उठतो. म्हणजे असं बघा, मी फोंड्याहून रोज पणजीच्या कदंबाने जायचे आणि मला बाणस्तारीला उतरायचं असायचं, आठवड्यातून दोनदा तरी मी जुन्या गोव्यात जागी व्हायचे. झोपलेली नसायचे हं, डोळे उघडे, खिडकीतून बाहेर बघत, पूल गेला, चर्च दिसलं की मग अरे देवा. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात पाचही दिवस बाणस्तारीला उतरले. कंडक्टर म्हणाला, आयज बरें मगो?

आता एम.ए.च्या वेळची गोष्ट. पीजीत दोन मुलींबरोबर राहायचे. त्यातल्या एकीला मी विश्वासाने सांगितलं होतं. परीक्षा जवळ आल्यावर ती म्हणाली दोन दे. मी नाही म्हटलं, म्हटलं मोजून मिळतात, आणि तुला चालतील की नाही कोण बघणार, शिवाय दुसऱ्याला देणं हा गुन्हा आहे. ती रुसली. चार दिवसांनी स्ट्रिप बघते तर तीन घरं रिकामी, आणि फॉइल परत नीट दाबून बसवलेली, वरून बघितलं तर कळणार नाही अशी. ते दाबून बसवलेलं मला जास्त लागलं. पुढची चिठ्ठी महिन्याने, पणजीत ज्या एका दुकानात मिळते तिथे मधे काही करता येत नाही. माझ्या व्हायवाच्या दिवशी गोळी नव्हती. सर काय विचारतायत ते वाक्याच्या मध्यापर्यंत ऐकायचे आणि मग त्यांच्या शर्टाचं बटण.

त्यामुळे 'एकदा ट्राय केली होती यार, काय मजा आली' असं कुणी सांगितलं की मी हसते पण आतून नाही.

वाळपईकर

कदंबा_पास, सॉरी. मी लिहिताना दुसऱ्या बाजूचा विचारच केला नव्हता. त्या पुडीतली गोळी कुणाची होती हे मी तेव्हा विचारलं नाही.

काउंटरपलीकडून

ताई, दुकानदाराला आधी फोन करून ठेवत जा, महिन्याचं सांगून ठेवलं की आम्ही तेवढा मागवतो. आणि फॉइलचं म्हणाल तर, गिऱ्हाईक 'पाकीट असंच आलं' म्हणून परत आणतं तेव्हा मी पण नखाने चाचपून बघतो.

दोन_पोरांची_आई

इथे सगळे कॉलेजचं लिहितायत, माझा तर बारावीत होता, नीटची तयारी. मला गोळ्याबिळ्या माहीत नव्हत्या, त्याला पण नव्हत्या. कॅन. इन्व्हर्टरच्या मागे झाडू लागेना म्हणून वाकून बघितलं तर तिथे एकावर एक रचून ठेवलेले, पाडव्याला गुढी उभारतात तसे. मी मोजले, एकवीस. आमच्याकडे भंगारवाला महिन्याने येतो म्हणून तिथे लपवलेले.

मी ओरडले नाही, ह्यांना सांगितलं, हे म्हणाले अगं सरबत आहे ते, आजकाल सगळी पितात. मग त्याच आठवड्यात रात्री दोनला दार वाजवलं, आई छातीत कायतरी होतंय. हात बर्फ. गाडी काढली, पुलावर चिटपाखरू नाही, मी मागे त्याला धरून आणि हे इतके हळू चालवतायत की मीच ओरडले. कॅज्युअल्टीत ईसीजी काढला, डॉक्टर मुलगीच होती, पंचविशीतली. तिने शांतपणे विचारलं आज किती कॅन? म्हणे पाच. कॉफी? दोन. तिने कागदावर गणित मांडलं, एका कॅनमध्ये ७५ मिलीग्राम कॅफिन, पाचांचे ३७५, वर कॉफीचे दीड-दोनशे. म्हणाली दिवसाला ४०० ही धडधाकट मोठ्या माणसाची मर्यादा धरतात, तू सतरा वर्षांचा आणि तुझं वजन पन्नास. शिवाय प्यालेल्यातलं अर्धं पाच तासांनी पण रक्तातच असतं, म्हणजे तू झोपायला जातोस तेव्हा संध्याकाळचा कॅन तुझ्याबरोबर झोपायला येतो. मग मला म्हणाली, आंटी, डब्यावर लिहिलेलं असतं, मुलांसाठी नाही म्हणून. घरी येऊन चष्मा लावून वाचलं. आहे. इतकं बारीक की मुंगी वाचेल.

ईसीजी ठीक होता, देवाची कृपा. सकाळी सातला घरी आलो. मी चहा टाकला आणि सवयीने त्याला पण विचारलं, मग दोघेही हसलो.

फोंड्याची_मुक्ता

बाई गं. माझा दहावीत आहे, आत्ता जाऊन इन्व्हर्टरच्या मागे बघून आले. मांजराची पिल्लं आहेत.

आबोली_डिचोली

किती आहेत? एक देशील का, खरंच विचारते

फोंड्याची_मुक्ता

तीन. दोन पांढरी एक भुरकं. व्यनि (खाजगी निरोप) कर.

टेक्सास_ते_ताळगाव

मी ताळगावचा, एमएस करायला इकडे आलो होतो २०१२ ला. इथे अ‍ॅडरॉल ही उत्तेजक गोळी म्हणजे आपल्याकडे गाइड मागतात तसं मागायचे. लायब्ररीत फायनल्सच्या आठवड्यात एक मुलगा टेबलावर येऊन विचारून गेला मला, तुझ्याकडे आहे का, मी म्हटलं माझ्याकडे काजूगर आहेत (आईने दिलेले). घेतले त्याने. ड्यूक युनिव्हर्सिटीने २०११ पासून नियमातच घातलंय की चिठ्ठीशिवाय असलं औषध अभ्यासासाठी घेणं म्हणजे कॉपी. यावर आमच्या रूमवर रात्रभर वाद, कॉपी कशी काय, डोकं तर माझंच आहे ना. वादासाठी सगळे जागे राहिलो, पेपरला सगळे झोपलो.

मला स्वतःला फक्त कॉफीची लागली. अजून आहे. इथली कॉफी म्हणजे बादलीच, मास्तरांचे पाय बुडतील.

आकडेमोड

कुणी मागितलं नाही तरी देतो. २०२३ मध्ये मेलबर्नच्या लोकांचा एक अभ्यास आला होता. ४० धडधाकट तरुण माणसं घेतली, मेथिलफेनिडेट, डेक्सअ‍ॅम्फेटामिन, मोडाफिनिल आणि नुसती खोटी गोळी, प्रत्येकाला सगळं आळीपाळीने, आणि कोडं सोडवायला दिलं. कोडं म्हणजे आपली पोतडी भरायची : अमुक वजनाची पिशवी, या इतक्या वस्तू, प्रत्येकीचं वजन वेगळं किंमत वेगळी, जास्तीत जास्त किमतीचा माल कसा बसवशील. तर गोळी घेतलेल्यांनी जास्त वेळ घालवला, जास्त हालचाली केल्या, ही वस्तू काढ ती घाल, पण पिशवी आधीपेक्षा चांगली भरली नाही. हालचालींना अर्थच कमी. आणि जे बिनगोळीचे सरासरीपेक्षा हुशार होते त्यांच्यातले बरेच गोळी घेतल्यावर सरासरीच्या खाली घसरले.

वाळपईकर, तुमचे तीन तक्ते हेच आहेत. पिशवी भरा, काढा, भरा.

दहीकाला

आईला बाजारात पाठवा, कोडं सुटेल. म्हापशाला शुक्रवारी जाते, एका पिशवीत सुंगटं, चवळी, केळीचा घड आणि वरती उभी फुलं. चिरडत नाहीत.

आकडेमोड

त्या अभ्यासात तुमच्या आईला घ्यायला हवं होतं.

अजून एक, रिटालिन नाव कसं आलं माहितीय? स्विस कंपनीतल्या केमिस्टने १९४४ मध्ये बनवलं, त्याच्या बायकोचं नाव रीटा, ती म्हणे टेनिस खेळायच्या आधी घ्यायची.

आबोली_डिचोली

आमच्या ह्यांनी काही बनवलं तर नाव आबोलिन. अजून चहा पण बनवलेला नाही.

तूर्तास_अनामिक

नेहमीचा आयडी वेगळा आहे.

सीए करत होते. पहिल्यांदा गोळी घेतली तेव्हा ग्रुप (परीक्षेतल्या विषयांचा गट) निघाला. हीच माझी वाट लागली, निघाला नसता तर बरं झालं असतं. मग प्रत्येक अटेम्प्टला, मग मॉकला, मग आर्टिकलशिपच्या कामाला पण. ऑनलाइन यायची, बाहेरून. कुठून ते लिहीत नाही. दीड वर्ष. शेवटी शेवटी अशी गत की गोळी नाही तर पुस्तक उघडायचंच नाही, उघडलं तरी अक्षरं नुसती बसलेली. रात्री झोपायला वेगळी गोळी. वजन अकरा किलो उतरलं, सगळे म्हणायचे किती छान बारीक झालीस, कुठली डाएट. वहिनीने तर डाएट लिहून मागितलं.

आईला संशय आला ते ताटावरून. आमच्याकडे सोमवारी तिखट-गोड काही नसतं, मी सोमवारची वाट बघायला लागले कारण त्या दिवशी कमी जेवलं तरी कुणी विचारत नाही, तिने ते ओळखलं.

बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे मानसोपचाराच्या सरकारी हॉस्पिटलात गेलो. बाबा गाडी लांब लावून आले, ओळखीचं कुणी बघेल म्हणून. आमच्या पिढीला बांबोळी म्हणून चिडवतात, बाबांच्या पिढीत आल्तिनो म्हणायचे, तेव्हा ते तिथे होतं. आत गेल्यावर रांगेत आमच्या वाड्यावरचे दोघे बसलेले! एकमेकांकडे बघून आधी सगळे गप्प आणि मग बाबांनीच विचारलं, नंबर कितवा? बस. तेवढंच.

पहिले दोन आठवडे नुसती झोप आणि भूक. सीए अजून झालेलं नाही, एक ग्रुप बाकी. बसतेय या मे महिन्यात. कॉफी पण नाही, आईची भीती.

कदंबा_पास

मे महिन्यात मी तुझ्यासाठी गणपतीला जाऊन येईन. खरंच.

निवृत्त_मास्तर

बाळ, बाबांना माझा नमस्कार सांग.

फोंड्याची_मुक्ता

डोळ्यात पाणी आलं. वजनाचं वाचून माझं मलाच कसंतरी झालं, मी पण कुणाला तरी असंच विचारलं असणार.

गुळगुळीत_दगड

विषयांतर होईल पण राहवत नाही. झोपवण्याच्या शास्त्राचा, म्हणजे संमोहनाचा, आद्यपुरुष आमच्या कांदोळीचा. आबे फारिया. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी पुतळा आहे बघा, हात पसरून उभा आणि समोर बाई कोसळतेय, लहानपणी मला वाटायचं तो तिला मारतोय. अठराशे-तेरा चौदाच्या सुमारास पॅरिसमध्ये लोकांना नुसतं 'झोपा' म्हणून झोपवायचा. अशा माणसाच्या गावची पोरं जागायला गोळ्या शोधतायत.

माझा अनुभव काही नाही. मी परीक्षेच्या रात्री साडेनऊला झोपायचो आणि सगळीकडे सेकंड क्लास.

दहीकाला

सेकंड क्लासवाले झोपूनच सुखी. मीही.

वाळपईकर

आबोली, निकाल : २७. शंभरपैकी. बॅक लागली. पण खरी गंमत पुढे. मला खात्री होती की चेकिंगमध्ये घोटाळा आहे, एवढं सुंदर लिहिलेलं, म्हणून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली, पैसे भरून. पहिल्या प्रश्नाला सहापैकी एक. नऊ पानं, एक मार्क. प्रश्नात जो सिद्धांत विचारला होता तो मी सिद्ध केलाच नव्हता, पुस्तकात त्याच्या शेजारी असलेला केला होता. आधी वाटलं प्रश्न चुकीचा छापलाय! अक्षर मात्र बघण्यासारखं, आईने ती कॉपी बरीच वर्षं ठेवली होती, पाहुण्यांना दाखवायला.

सीनियर मस्कतला असतो. परवा व्हॉट्सअपवर विचारलं, ती गोळी तुला कुणी दिली होती रे? निळ्या खुणा झाल्या, उत्तर नाही.

आकडेमोड

आकडा म्हणून नाही, सहज विचारतो. फोंड्यात कुठे राहायचात? २००९ ला मी पण तिथेच, वरच्या बाजाराकडे, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान होतं.

वाळपईकर

हिरवा जिना? मालकीण रात्री दहाला मेन स्विच बंद करायची?

आकडेमोड

अरे देवा. तुम्ही वरच्या मजल्यावरचे. टॉर्च लावून तक्ते करणारे तुम्हीच का? आम्ही खालून बघून म्हणायचो, बघा किती अभ्यास करतात, शिका काहीतरी.

वाळपईकर

हाहाहा. टॉर्चचे सेल तुमच्याच रूममधून आणले होते. परत करायचे राहिले.

दोन_पोरांची_आई

मधेच येते. बऱ्याच जणांनी व्यनित विचारलं म्हणून, नीटची परीक्षा झाली त्याची, मेडिकल नाही मिळालं, फार्मसीला गेलाय. काउंटरपलीकडून, तुमच्याकडे पुढच्या वर्षी ट्रेनिंगला मुलं घेता का?

काउंटरपलीकडून

घेतो. पण सकाळी आठला शटर उघडायला यावं लागेल, ते जमेल का विचारा.

आबोली_डिचोली

मुक्ता, भुरकं माझं हं. रविवारी येते. पोदेराकडून उंडे आणू का येताना, तुमच्या बाजूला मिळतात का चांगले?